मेडिकच्या हाती रायफल दिसली म्हणजे जिनिव्हा करार मोडला?

'सैन्यातल्या मेडिकला (जखमींवर उपचार करणाऱ्या सैनिकाला) शस्त्र बाळगायला बंदी असते; बंदूक घेतली की त्याचं संरक्षण (शत्रूने त्याच्यावर हल्ला करू नये, हा जिनिव्हा कराराचा नियम) गेलं' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण पहिल्या महायुद्धातले निःशस्त्र स्ट्रेचरवाले आपण फोटोंत पाहिलेले असतात.

आता व्हिएतनाम युद्धातला ऑस्ट्रेलियन मेडिक बघा. नुई डाटच्या तळावरून पायदळाची तुकडी जंगलात गस्तीला निघाली की विशीतला हा पोरगाही सोबत निघे. पिशवीत बँडेज, मॉर्फिन, सलाईन, हातात रायफल. जखमीला उचलणारं हेलिकॉप्टर येईपर्यंत रक्त थांबवायचं काम त्याचंच.

मग नियम मोडला का? नाही. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं 22 वं कलम सांगतं की वैद्यकीय पथकाकडे शस्त्रं असली आणि ती स्वतःच्या किंवा जखमींच्या बचावासाठी वापरली, तरी संरक्षण जात नाही. जखमींकडून काढून घेतलेली शस्त्रं तिथे पडलेली सापडली, तरीही नाही. ही मुभा 1906 च्या करारातही होती.

संरक्षण जातं ते 21 व्या कलमाने: वैद्यकीय कामाच्या आडून शत्रूला अपाय केला तर. तेही आधी इशारा देऊन, शक्य तिथे मुदत देऊन. म्हणजे प्रश्न बंदूक आहे का हा नाहीच, ती कशासाठी चालवली हा आहे.

पडताळायचं असेल तर ऑस्ट्रेलियाचा 1957 चा जिनिव्हा करार कायदा उघडा, किंवा आपला 1960 चा. दोन्हींच्या परिशिष्टात करार छापलेला आहे; 21 आणि 22 ही कलमं लागोपाठ वाचा.