टीम बिल्डिंगच्या आधीची पंगत

शाळा सुरू झाली की हल्ली अनेक ठिकाणी ‘टीम बिल्डिंग’चं सत्र होतं. मैदानावर गट पडतात, रस्सीखेच होते, मुलं रमतात. छानच आहे ते. मात्र मुलांनी एकमेकांवर विसंबायला शाळेतच शिकावं, हा विचार आपल्याकडे कंपन्यांच्या कार्यशाळांपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचं एक ठळक मूळ साताऱ्यातल्या एका वसतिगृहात सापडतं.

त्यासाठी आधी कोल्हापूरला जावं लागेल. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांना शहरात राहायला जागा मिळत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना बळ दिलं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम असं प्रत्येक समाजाचं बोर्डिंग वेगळं होतं. त्या काळात मुलं शिकती करायची तर हाच मार्ग व्यवहार्य होता, असं मला वाटतं. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. कुंभोजचा भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहत होता. या वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परतल्यावर ‘आंघोळ करून आत ये’ हा हुकूम त्याने मानला नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्याच्या चरित्रात सांगितलं जातं.

पुढे कर्मवीर झालेल्या भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच छपराखाली आली. एकत्र राहणं एक वेळ सोपं. एकत्र शिजवून एका पंगतीत जेवणं त्या काळी फार अवघड होतं. इथे स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतीकाम सगळं मुलंच करत. कोणी थापलेली भाकरी कोणाच्या ताटात जाते, याचा हिशेब तिथे मोडून पडला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. कामात कुचराई झाली तर सगळ्यांच्याच जेवणाचा खोळंबा, म्हणून विश्वास ठेवणं ही रोजची गरज होती. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे मुलांच्या ‘वहिनीं’नी, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखलं नाही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

मैदानावरचा धागाही याच काळातला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोला नियमांची चौकट दिली. पाठीवर खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि मिळाला की क्षणभर थांबायचं नाही: साथीदारावरचा भरवसा या खेळाच्या नियमातच आहे.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणाऱ्या रयतने १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, आणि ‘कमवा आणि शिका’ महाविद्यालयातही पोचलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आजही कर्मवीरांच्या नावाने ही योजना चालते. शाळांनी मात्र त्यातली कमाई बाजूला ठेवून नुसती कामाची पाळी उचलली तरी पुष्कळ आहे. वर्गाची बाग, ग्रंथालय, पोषण आहाराची वाढणी अशी कामं वर्षभर, गट बदलत, मुलांकडे द्यावीत. आणि गट पाडताना नेहमीच्या मैत्रिणी, नेहमीचे मित्र एकत्र येणार नाहीत, एवढं शिक्षकांनी आवर्जून पाहावं.