एपकॉट: शिकवण्यासाठी बांधलेल्या पार्कची चाळीस वर्षं

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या थीम पार्कमध्ये २७ मे २०२२ रोजी एक नवी रोलर कोस्टर सुरू झाली. मार्व्हलच्या सिनेमातली पात्रं, कानठळ्या बसवणारी गाणी आणि अंधारात गिरक्या घेत धावणारे डबे. याच जागी १९८२ पासून २०१७ पर्यंत ऊर्जेविषयीचं पॅव्हेलियन, म्हणजे त्या एका विषयाला वाहिलेली इमारत, होती. त्याच्या उतरत्या छतावर सौरपेशी बसवलेल्या होत्या आणि आतली राइड चालवायला त्यांचीही वीज वापरली जाई. प्रेक्षक बसलेल्या लांबरुंद बैठकाच हळूहळू सरकत डायनासोरांच्या जंगलातून जात. कोळसा आणि तेल कुठून आलं, पुढे काय वापरायचं, हे सांगणारा तो कार्यक्रम बराच वेळ चाले.

या एका बदलावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे. जुने चाहते म्हणतात, मनोरंजनाने शिक्षणाला हुसकावून लावलं. उलट बाजू म्हणते, सुट्टीवर आलेल्या माणसाला धडे कशाला? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. या पार्कमधल्या शिक्षणाचे पैसे कोण भरत होतं, हे पाहिल्याशिवाय त्याचा इतिहास उलगडत नाही.

मुळात एपकॉट हे पार्क नव्हतंच. एक्सपेरिमेंटल प्रोटोटाइप कम्युनिटी ऑफ टुमॉरो, म्हणजे उद्याच्या वस्तीचा प्रयोगादाखल नमुना, असं ते नाव. वॉल्ट डिस्ने यांना सुमारे वीस हजार लोकांचं खरंखुरं शहर वसवायचं होतं. मध्यभागी छताखालचा बाजार, मोटारी जमिनीखालून, माणसं वर, आणि अमेरिकी कंपन्यांनी आपलं नवं तंत्रज्ञान तिथे रोजच्या जगण्यात वापरून बघायचं. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोर नकाशे दाखवत ही योजना समजावून सांगितली. १५ डिसेंबर १९६६ ला ते गेले. शहराची कल्पना त्यांच्यामागे चालवणारं कुणी उरलं नाही. १९७१ मध्ये त्या जमिनीवर आधी मॅजिक किंगडम उघडलं, म्हणजे परीकथांचं पार्क. एपकॉटचं काय करायचं हा प्रश्न कंपनीपुढे तसाच राहिला.

उत्तर सापडलं ते जागतिक प्रदर्शनांच्या परंपरेत. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी डिस्नेच्या लोकांनी चार आकर्षणं तयार केली होती: फोर्डसाठी, जनरल इलेक्ट्रिकसाठी, इलिनॉय राज्यासाठी आणि पेप्सी-युनिसेफसाठी. तिथे एक गणित पक्कं झालं. कंपनी पैसे देते, डिस्ने गोष्ट सांगते, आणि प्रेक्षक काहीतरी नवीन बघून बाहेर पडतात. सत्तरच्या दशकात कंपनीचे प्रमुख कार्ड वॉकर यांच्या कारकिर्दीत हेच गणित कायमस्वरूपी मांडायचं ठरलं. अर्ध्या भागात विज्ञान आणि भविष्य, अर्ध्या भागात तळ्याकाठी देशोदेशींची दालनं. १ ऑक्टोबर १९८२ ला एपकॉट सेंटर उघडलं. खर्च एक अब्ज डॉलरच्या आसपास झाला होता.

त्या पहिल्या दशकातलं धाडस आज लक्षात येत नाही. डिस्नेच्या पार्कमध्ये सुरुवातीला मिकी माउस नव्हता, कारण ही जागा वेगळी आहे हे ठसवायचं होतं. प्रवेशालाच उभ्या असलेल्या पांढऱ्या गोलात, स्पेसशिप अर्थमध्ये, माणसाने गुहेतल्या चित्रांपासून छपाईपर्यंत आणि पुढे संगणकापर्यंत निरोप कसे पोचवले, याची कहाणी आहे. तिची मांडणी ठरवताना विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी यांची मदत घेतली होती. विज्ञानाच्या भागाच्या मधोमध असलेल्या कम्युनिकोर या प्रदर्शन-दालनात टचस्क्रीन होते, आणि शिक्षकांसाठी वेगळं केंद्र होतं. वर्गात वापरायचं साहित्य तिथून घेऊन जाता येई. थीम पार्कमध्ये शिक्षकांची सोय! मनोरंजनाचा धंदा करणाऱ्या कंपनीने सर्वसामान्य कुटुंबाच्या कुतूहलावर टाकलेला हा विश्वास मला आजही मोठा वाटतो.

१९८३ मध्ये आलेली होरायझन्स ही राइड त्या विश्वासाचा सर्वांत सुंदर नमुना. वाळवंटात शेती, समुद्राखाली वस्ती, अवकाशात घर अशी भविष्यातली दृश्यं समोरून सरकत. वाळवंटातल्या संत्र्याच्या मळ्याशी पोचलं की संत्र्याचा वास यायचा. शेवटी डब्यातल्या लोकांनी बटण दाबून परतीचा रस्ता निवडायचा. आजी, आई आणि पाच वर्षांची नात एकाच डब्यात बसू शकत. राइड सावकाश चालत असल्यामुळे बघायला, बोट दाखवायला, विचारायला वेळ मिळे.

मात्र हे शिक्षण निरपेक्ष होतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. ऊर्जेचं पॅव्हेलियन एक्सॉन या तेल कंपनीचं. वाहतुकीचा इतिहास सांगणारी जनरल मोटर्स, तेव्हा चाकाच्या शोधापासून निघालेली कथा कुठे येऊन थांबणार हे उघडच होतं. शेती आणि आहाराचं द लँड हे पॅव्हेलियन क्राफ्ट या खाद्यकंपनीचं. तिथे भाज्या आणि दुधाचे पदार्थ रंगमंचावर गाणी म्हणत आणि सकस आहार समजावत. म्हणजे करमणूक पहिल्या दिवसापासून होतीच, आणि जाहिरातही होती. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: प्रायोजकाला आपल्या विषयाबद्दल काहीतरी सांगायचं होतं, म्हणून त्या इमारतींना विषय होता.

आणि नेमकं हेच त्या व्यवस्थेचं मर्म निघालं. प्रायोजकत्वाचे करार साधारण दहा वर्षांचे. ते संपत आले तसा नव्वदच्या दशकात एकेकाने हात आखडता घेतला. क्राफ्ट १९९२ नंतर नव्हती. जनरल इलेक्ट्रिकने १९९३ मध्ये होरायझन्स सोडली, ती राइड प्रायोजकाविना कशीबशी चालली, जानेवारी १९९९ मध्ये बंद झाली आणि मग इमारतच पाडली गेली. आरोग्य आणि शरीराविषयीचं वंडर्स ऑफ लाइफ हे पॅव्हेलियन मेटलाइफ ही विमा कंपनी गेल्यावर काही वर्षांनी, २००७ च्या सुरुवातीला कायमचं बंद पडलं. एक्सॉन, तोवर एक्सॉनमोबिल झालेली, २००४ मध्ये गेली.

दुसरं कारण विषयाच्या पोटातच होतं. परीकथेचा राजवाडा जुना झाला तरी बिघडत नाही. भविष्य दाखवणारी राइड मात्र दहा वर्षांत शिळी होते. १९८२ मध्ये टचस्क्रीन बघायला लोक उभे राहत, दीड दशकात घरोघरी संगणक आला. सतत नवं करत राहायचं तर सतत पैसा हवा, आणि पैसा तर आटत चाललेला. त्यामुळे जे बदल झाले त्यांची दिशा ठरल्यासारखीच होती. होरायझन्सच्या जागी २००३ मध्ये मिशन स्पेस आलं. रॉकेट उड्डाणाचा दाब अंगावर जाणवून देणारं ते यंत्र इतकं तीव्र होतं की २००६ मध्ये त्याची सौम्य आवृत्ती करावी लागली. वाहतुकीच्या इतिहासाच्या जागी मोटारींच्या चाचणीची वेगवान राइड आली. समुद्राच्या पॅव्हेलियनमधलं भलंमोठं मत्स्यालय राहिलं, पण राइडमध्ये निमो हा ॲनिमेशनमधला मासा आला. २०२२ च्या रोलर कोस्टरसाठी किमान ४२ इंच उंची लागते. होरायझन्समध्ये बसू शकणारी ती पाच वर्षांची नात इथे कदाचित बाहेर थांबेल, आणि आजीही.

प्रेक्षकांनाच शिकायचं नव्हतं, हे म्हणणं मला पटत नाही ते फिगमेंटमुळे. कल्पनाशक्तीविषयीच्या राइडमधला हा छोटा जांभळा ड्रॅगन एपकॉटसाठीच घडवलेला. कल्पना कशा सुचतात, कला आणि विज्ञान कुठे भेटतात, हे तो मुलांना गात-नाचत सांगे. १९९९ मध्ये राइड नव्याने केली तेव्हा त्याला जवळपास काढूनच टाकलं. लोक एवढे नाराज झाले की २००२ मध्ये त्याला परत आणावं लागलं. लोकांना जे हवं होतं त्यात शिकणं आणि रमणं वेगळं काढता येत नव्हतंच.

तळ्याकाठच्या देशांच्या भागात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथे अकरा देश आहेत. भारत त्यात नाही; डिस्ने वर्ल्डमध्ये भारताची सावली सापडते ती ॲनिमल किंगडममधल्या ‘आनंदपूर’ या काल्पनिक राज्यात. एपकॉटच्या दालनांत त्या त्या देशातून आलेली तरुण मुलं-मुली काम करतात, आणि त्यांच्याशी चार शब्द बोलणं हे मला तिथलं सर्वांत अस्सल शिक्षण वाटतं. नॉर्वेचं दालन १९८८ मध्ये उघडलं. त्यातल्या होडीच्या राइडमध्ये व्हायकिंग, लोककथांमधले ट्रोल नावाचे राक्षस आणि उत्तर समुद्रातली तेलविहीर होती, शेवटी नॉर्वेवरचा लघुपट. प्रचारकी असेल, पण देश खरा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ पासून तिथे ‘फ्रोझन’ सिनेमाची राइड आहे. सिनेमातलं एरेंडेल हे राज्य नकाशावर नाही. नव्या राइडमधली यांत्रिक पात्रं अप्रतिम आहेत, मुलं हरखून जातात, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. पण खऱ्या देशाच्या दालनात बसून मुलांनी काल्पनिक देशाचीच ओळख करून घ्यावी, हे खटकतंच. हा बदल दुसऱ्या एखाद्या पार्कमध्ये झाला असता तर कुणी ब्रही काढला नसता.

टिकून राहिलेलं शोधायचं तर द लँडमध्ये जावं. तिथली होडी आजही खऱ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, टांगलेल्या वेली, मत्स्यशेती, आणि तिथला माल पार्कमधल्याच उपाहारगृहांत शिजतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने आखलेला हा भाग चाळीस वर्षांनंतरही चालू आहे. क्राफ्ट गेली, नंतरची नेस्ले २००९ मध्ये गेली, होडी थांबली नाही. प्रतिकृती आणि पडदे कालबाह्य होतात, वाढणारं रोप होत नाही, हे एक कारण असावं. मोआना या सिनेमातल्या पात्राच्या नावाने २०२३ मध्ये उघडलेली पाण्याची पायवाटही जलचक्राबद्दलच आहे. सिनेमातलं पात्र आलं म्हणजे विषय जायलाच हवा असं नाही, हे त्यावरून दिसतं.

जुलै २०२५ मध्ये मोटारींची राइड पुन्हा नव्याने उघडली. या वेळी तिच्यात १९८२ च्या वाहतूक-इतिहासाची आठवण मुद्दाम गुंफली आहे, आणि प्रायोजक अजूनही जनरल मोटर्सच आहे. स्पेसशिप अर्थला मात्र २०१७ मध्ये सीमेन्स ही कंपनी गेल्यापासून प्रायोजक नाही. तिच्या मोठ्या नूतनीकरणाची घोषणा २०१९ मध्ये झाली, २०२० मध्ये ते काम थांबवण्यात आलं. राइड सध्या जुन्याच रूपात चालू आहे, गुहेतल्या चित्रांपासून संगणकापर्यंत.