सातेरी मधमाशीपालनाची सुरुवात

सातेरी मधमाशीपालन म्हणजे सातेरी या भारतीय मधमाशीची वसाहत लाकडी मधपेटीत वसवून, पोळे न मोडता व पिलावाला (अंडी, अळ्या व कोष यांना) धक्का न लावता मध घेण्याची आणि तिच्याकरवी पिकांचे परागीभवन साधण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात तिचा मुख्य प्रदेश सह्याद्रीचा घाटमाथा आणि त्याच्या पायथ्याचे कोकण हा असून महाबळेश्वर हे या व्यवसायाचे जुने केंद्र आहे. नवशिक्या मधपाळाला मध काढणे फारसे अवघड जात नाही. अवघड असते ते वसाहत पेटीत टिकवून धरणे, आणि त्यातही तिला पहिला पावसाळा पार करून देणे. म्हणून प्रस्तुत नोंदीत मधापेक्षा त्या बाजूला अधिक जागा दिली आहे.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या माश्यांपैकी आग्या माशी उंच झाडांना, कड्यांना आणि आता इमारतींच्या सज्जांनाही एकच मोठे पोळे उघड्यावर लावते, तर फुलोरी माशी झुडपाच्या फांदीला लहानसे पोळे बांधते. उघड्यावर राहण्याच्या स्वभावामुळे या दोन्ही पेटीत नांदत नाहीत. डंख नसलेल्या चिमुकल्या पोयाच्या माश्या पाळता येतात, पण त्यांचा मध फारच थोडा असतो. राहता राहिल्या सातेरी आणि युरोपीय मेलिफेरा. १९६०च्या दशकात उत्तर भारतात स्थिरावलेली मेलिफेरा माशी मध अधिक देते. मात्र तिला सतत मोठा फुलोरा लागत असल्याने सूर्यफूल, मोहरी अशा पिकांमागे पेट्या ट्रकमधून हलवाव्या लागतात. घरामागच्या दोन-चार पेट्यांपासून सुरुवात करणाऱ्या डोंगराळ भागातील माणसाला सातेरीच सोयीची, कारण आसपासच्या रानातल्या विखुरलेल्या फुलोऱ्यावर ती निभावून नेते. तिच्या एका वसाहतीपासून वर्षाकाठी साधारण ५ ते १० किलो मध मिळतो.

सातेरी झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा वारुळाच्या पोकळीत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते. सात पोळ्यांवरून हे नाव पडले असे सांगितले जाते. कोकण-गोव्यात वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीचे नावही सातेरीच आहे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. तिच्या काही खोडी पाळणाऱ्याने आधीच ओळखून घ्याव्यात. पेटीच्या दाराशी पंख हलवून वारा घालताना ती तोंड बाहेरच्या बाजूला करते, तर मेलिफेरा तोंड आत करून उभी राहते. सातेरी झाडांचा चीक गोळा करून फटी बुजवत नाही. पोळ्यातील ज्या लहान कोठ्यांत नर वाढतात त्यांच्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र असते, आणि ते पाहून नवखा माणूस हा रोग समजून घाबरतो. पण तिची सर्वांत महत्त्वाची खोड म्हणजे जागा न आवडल्यास, अन्न संपल्यास किंवा वारंवार त्रास झाल्यास ती पोळी तशीच टाकून सगळ्या माश्यांनिशी निघून जाते.

पाळण्याची आधुनिक पद्धत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. दोन पोळ्यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरती जागा सोडली, तर ती जागा माश्या मेणाने बुजवत नाहीत. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये या तत्त्वावर सुट्या चौकटींची पेटी तयार केली. भारतीय माशी आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात लहान पेटी बनवली. सातेरीच्या आजच्या पेट्या बहुतांशी त्याच वळणाच्या आहेत. पेटीत खाली तळपाट, त्यावर पिलाव वाढवण्याची कोठी, तिच्यावर मधकोठी आणि सर्वांत वर झाकण अशी रचना असते. मेलिफेराची मोठी पेटी स्वस्तात मिळाली म्हणून सातेरीला देऊ नये. एवढी पोकळी ऊबदार ठेवणे तिला जमत नाही.

पेटीची जागा माश्या आणण्यापूर्वी ठरवावी. सातेरी साधारण एक ते दीड किलोमीटरच्या परिघात चरते, त्यामुळे तेवढ्या टापूत वर्षभरात काय काय फुलते याची महिनावार यादी करणे हे नवशिक्याचे खरे पहिले काम होय. महाबळेश्वर परिसरात जांभूळ, गेळा, हिरडा, पिसा आणि पावसाळ्यानंतर व्हायटी ही माश्यांची महत्त्वाची झाडे व झुडपे आहेत. सात वर्षांनी एकदा सामुदायिकपणे फुलणारी कारवी त्या वर्षाचे सगळे गणितच बदलून टाकते. यादीत सलग दोन-तीन महिने कोरे राहिले, तर त्या काळात साखरपाणी द्यावे लागेल हे गृहीत धरावे. पेटी सावलीत, दार पूर्वेकडे करून, जवळ पाणी असलेल्या आणि कीटकनाशकांची फवारणी होणाऱ्या शेतापासून दूर असलेल्या जागी ठेवावी. पेटी ज्यावर ठेवतात त्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या-मुंगळे वर चढत नाहीत. एकदा ठेवलेली पेटी चार-पाच घरे पलीकडे हलवू नये, कारण चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परत येतात आणि तिथे घिरट्या घालत मरतात.

वसाहत दोन मार्गांनी मिळते. अनुभवी मधपाळाकडून भरलेली पेटी घेणे हा सोपा मार्ग, आणि पहिल्या वर्षी तोच बरा. दुसरा मार्ग म्हणजे ढोलीतील किंवा वारुळातील मोहोळ पेटीत आणणे. यात संध्याकाळच्या सुमारास थोडा धूर देऊन पोळी एकेक करून कापतात, पिलावाचे भाग चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधतात आणि राणीसह माश्या पेटीत घेतात. राणी आत गेली की उरलेल्या माश्या आपोआप मागे येतात. पुढचे काही दिवस दाराला राणी अडेल पण कामकरी माश्या जातील अशी जाळी लावतात, साखरपाणी देतात आणि पेटी उघडत नाहीत. या शेवटच्या पथ्यावरच बहुतेक नवे मधपाळ घसरतात. माश्या बसल्या की नाही हे पाहण्यासाठी रोज झाकण उचलले, तर त्या बसत नाहीत.

नंतरची तपासणी हवा स्वच्छ असताना, सकाळच्या उन्हात, आठ-दहा दिवसांतून एकदा पुरते. उजेड पोळ्यातील कोठ्यांच्या तळापर्यंत पोहोचावा म्हणून सूर्याकडे पाठ करून चौकट हातात धरावी. रिकाम्या वाटणाऱ्या कोठीच्या तळाशी दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे पांढरे अंडे उभे दिसले, की राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती असे समजावे. राणी प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. एकेका कोठीत दोन-तीन अंडी वेडीवाकडी घातलेली दिसली, तर राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत असे ओळखावे. त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात आणि अशी वसाहत सहसा सावरत नाही. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या लोंबत्या कोठ्या दिसल्या, की नवी राणी तयार होत आहे. अंडे घातल्यापासून साधारण १६ दिवसांत ती बाहेर येते, आणि तत्पूर्वी जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन निघून जाण्याचा संभव असतो. पावसाळा संपल्यावर आणि वसंतात असे घडते, तेव्हा वसाहतीचे विभाजन करून दुसरी पेटी भरता येते.

जून ते सप्टेंबर हा काळ सातेरीपालनाची कसोटी असतो. घाटमाथ्यावर दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही, माश्या बाहेर पडू शकत नाहीत, पडल्या तरी फुले धुऊन गेलेली असतात, राणीचे अंडी घालणे मंदावते आणि माश्यांची संख्या घटत जाते. संख्या घटली की काही पोळी माश्यांविना उघडी पडतात आणि त्यांवर मेणकिडा (मेण खाणारी पतंगाची अळी) येतो. पोळ्यात रेशमी जाळीचे बोगदे दिसू लागले की उशीर झालेला असतो आणि थोड्याच दिवसांत वसाहत पेटी सोडते. म्हणजे दोष वरवर मेणकिड्याचा दिसला, तरी मूळ कारण उपासमार हे असते. यासाठी पावसाळ्यापूर्वी मधकोठी उतरवून, रिकामी पोळी काढून, माश्यांनी पूर्ण झाकलेली तेवढीच पोळी पेटीत ठेवतात. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत देतात. गूळ किंवा काकवी वापरत नाहीत, कारण तिने माश्यांना हगवण लागते. पाक बाहेर सांडला तर शेजारच्या पेटीतील माश्या लुटीला येतात आणि अशक्त वसाहत एका दिवसात मोडते. दोन वसाहती अशक्त असतील, तर एक राणी काढून त्या एकत्र करतात. एका कोठीवर बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर दुसरी कोठी ठेवतात. माश्या कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोहोचेतो त्यांचे वास मिसळून गेलेले असतात आणि भांडण होत नाही.

इतर शत्रूंमध्ये गांधीलमाशी आणि वेडा राघू हा पक्षी येतात. त्यांचा उपद्रव असला, तरी सशक्त वसाहत तो सोसते. मेलिफेराला छळणारा व्हरोआ हा माशीच्या अंगावर जगणारा सूक्ष्म कोळी मूळचा सातेरीच्याच जातकुळीवरचा, त्यामुळे सातेरी त्याला बरीच आटोक्यात ठेवते. थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने मात्र १९९०च्या दशकारंभी दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. या रोगात कोषात जाण्याच्या बेतातील अळी मरून पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते.

साहित्य थोडे लागते : बुरखा, धुराडे, चौकटी सोडवण्याची पटाशी, माश्या झाडण्याचा मऊ ब्रश आणि शेजाऱ्यांत मिळून चौकटी फिरवून मध काढण्याचे एक मधयंत्र. डंख बसल्यास नांगी नखाने लगेच खरवडून काढावी आणि तिथे थोडा धूर द्यावा, कारण डंखाबरोबर सुटणाऱ्या, पिकल्या केळ्यासारख्या वासाने इतर माश्या चवताळतात. डंखानंतर ज्याला श्वास लागतो किंवा अंगभर गांधी उठतात, त्याने तातडीने दवाखाना गाठावा आणि हा उद्योग करू नये.

प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, तर पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्याच्या निम्म्या किमतीचे अनुदान मिळते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावलाही ही ओळख मिळाली. पुस्तकी शिक्षणाहून अशा गावातील मधपाळाबरोबर एक हंगाम पेट्या उघडणे अधिक उपयोगी पडते.

मध फक्त मधकोठीतून आणि पोळ्याचा तीन-चतुर्थांश भाग मेणाने बंद झाल्यावरच काढावा. त्याआधीच्या मधात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक राहून तो आंबतो. बंद कोठ्यांची झाकणे गरम सुरीने अलगद कापून चौकटी मधयंत्रात फिरवल्या की पोळे शाबूत राहते. रिकामी झालेली ओली पोळी त्याच दिवशी, अंधार पडता पडता पेटीत परत ठेवतात. सकाळपर्यंत माश्या ती चाटून कोरडी करतात. खालच्या कोठीतील मधाला पहिल्या वर्षी हात लावला जात नाही, तो माश्यांच्या श्रावण-भाद्रपदासाठी राखलेला असतो.