'एल' असलेली आणि नसलेली रॅम

अंमळनेरहून भाच्याचा फोन आला. "मामा, पंखा फिरस पन पडदा काळाच शे." दोन हजार चौदा साली घेतलेला घरचा लॅपटॉप, आत आय३-४००५यू प्रोसेसर. चार जीबी रॅमवर तो रखडायचा म्हणून भाच्याने रॅमच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये वापरलेली चार जीबीची डीडीआर३ जातीची रॅमची पट्टी बसवली होती. दुकानदार म्हणाला होता, "तीच आहे, बिनधास्त लाव." पट्टी बसली, क्लिपही लागली. तरी लॅपटॉप उठेना.

त्याला मी लेबल वाचायला सांगितलं. जुन्या पट्टीवर पीसी३एल-१२८०० (म्हणजे डीडीआर३एल), नवीवर पीसी३-१२८०० (म्हणजे साधी डीडीआर३). सगळा घोळ त्या एका 'एल'चा.

साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. 'एल' म्हणजे कमी व्होल्टेज. लॅपटॉपच्या दोन्ही पट्ट्यांना पिना २०४ आणि पिनांमधली खाच एकाच जागी, म्हणून हाताला फरक कळतच नाही. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. इथे बिचाऱ्या माणसाला वाटतं की मदरबोर्डच गेला.

एल पट्टी १.३५वरही चालते आणि दीडवरही, तसं मानकातच ठरलेलं आहे. साध्या पट्टीला मात्र दीड व्होल्ट लागतातच. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांना डीडीआर३एलच लागते, आय३-४००५यू त्यातलाच. तिसऱ्या पिढीचा आय३-३११०एम दोन्ही चालवून घेतो, दुसऱ्या पिढीचे साध्या डीडीआर३चे. म्हणून जुन्या लॅपटॉपसाठी डीडीआर३ घेताना शंका असेल तर मी एलच घ्यायला सांगतो. वेग आणि क्षमता तेवढी जुळवून घ्यायची.

पडदा काळा राहिला की घाबरू नका. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग फक्त जुनी पट्टी लावून सुरू करा. सुरू झाला तर बोर्ड ठीक आहे. जुनीही चालेना तर तिच्या सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका आणि पुन्हा बसवा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ इतकी की निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. पट्टी तिरपी घालून 'टक' आवाज येईपर्यंत खाली दाबायची, अर्धवट बसलेली पट्टीही हाच काळा पडदा दाखवते.

लेबल फाटलेलं असेल तर लॅपटॉप सुरू असताना सीपीयू-झेड हे आतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. त्यातल्या 'एसपीडी' नावाच्या पानावर पट्टीचा स्लॉट निवडला की व्होल्टेजच्या ओळीत १.३५ किंवा १.५० दिसतं.

भाच्याने ती पट्टी परत करून पीसी३एल आणली. रात्री त्याचा फोटो आला, पडद्यावर आठ जीबी.