हंगामी मॅनेजरच्या खुर्चीचा वाद कुठून आला

5 जानेवारी 2026 रोजी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने मॅनेजर रुबेन अमोरिमला घरचा रस्ता दाखवला आणि चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, ओले गुनार सोल्शारला परत बोलवा. दुसऱ्याचं म्हणणं, मायकेल कॅरिकला द्या. दोघेही क्लबचे जुने खेळाडू आणि दोघेही या खुर्चीत आधी बसून गेलेले. मधले दोन सामने डॅरेन फ्लेचरने निभावले. तोही जुना खेळाडूच. बर्नलीशी 2-2 बरोबरी झाली, ब्रायटनने एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. 13 जानेवारीला क्लबने मोसमअखेरपर्यंत कॅरिकचं नाव जाहीर केलं. चार दिवसांनी त्याच्या संघाने मँचेस्टर सिटीला 2-0 हरवलं आणि वाद मिटण्याऐवजी पुढे सरकला. आता याला कायमच का करू नये?

मुंबई-पुण्यात रात्र जागवून सामने बघणाऱ्यांनीही हा वाद तितक्याच तळमळीने घातला. हंगामी मॅनेजर म्हणजे नवा मॅनेजर मिळेपर्यंतचा पाहुणा. त्याच्यावरून एवढी डोकेफोड कशाला, असं फुटबॉल न बघणाऱ्याला वाटू शकतं. पण या खुर्चीचा इतिहास पाहिला की कळतं, क्लब म्हणजे काय आणि तो कोणाचा, याचं भांडण चाहते याच खुर्चीवरून भांडत आले आहेत.

सुरुवात युनायटेडपासूनच करावी लागते. 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर संघाचं विमान कोसळलं. 23 जण गेले, त्यात आठ खेळाडू. मॅनेजर मॅट बझबी मृत्यूशी झुंजत जर्मनीतल्या रुग्णालयात होते. त्यांचे सहायक जिमी मर्फी त्या विमानात नव्हते, कारण वेल्सच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती आणि त्या आठवड्यात वेल्सचा इस्रायलशी कार्डिफला सामना होता. संघ उभा करायचं काम त्यांच्यावर आलं. 19 फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपचा सामना ठरला, तेव्हा छापायला दिलेल्या सामना-पुस्तिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागी अकरा कोऱ्या जागा होत्या. कोण खेळणार हे छपाईच्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हतं. अपघातातून वाचलेले दोघे, घाईने विकत घेतलेले काही आणि राखीव-युवा संघातली पोरं अशी मोट बांधून मर्फींनी तो सामना 3-0 जिंकला आणि मे महिन्यात संघाला थेट वेम्बलीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तिथे बोल्टनने 2-0 हरवलं. पुढे बझबी परतले आणि मर्फी शांतपणे पुन्हा सहायकाच्या जागी गेले.

मर्फींच्या नेमणुकीवर वाद झाला नाही. तशी वेळच नव्हती, हे खरं. पण त्या काळात एरवीही असा वाद फारसा होत नसे. मॅनेजर गेला की सहायकाने सूत्रं हाती घ्यायची, संचालकांनी बंद खोलीत नवा माणूस शोधायचा आणि चाहत्यांना ते स्थानिक वर्तमानपत्रातून कळायचं. फेब्रुवारी 1982 मध्ये ॲस्टन व्हिलाच्या रॉन सॉन्डर्सनी तडकाफडकी राजीनामा दिला तेव्हाही असंच झालं. विजेतेपद मिळवून देणारा माणूस गेला आणि सहायक टोनी बार्टन पुढे झाले. 26 मे रोजी रॉटरडॅममध्ये पीटर विदच्या एकमेव गोलवर त्यांच्या संघाने बायर्न म्युनिकला हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची आजची चॅम्पियन्स लीग, जिंकला.

चित्र बदललं ते गेल्या वीसेक वर्षांत, आणि त्यामागे भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. 2002-03 च्या मोसमापासून खेळाडूंची खरेदी-विक्री उन्हाळा आणि जानेवारी अशा दोनच ठरलेल्या काळात होऊ लागली. त्यामुळे नव्या मॅनेजरला फेब्रुवारीत आणलं तरी तो मनाजोगता संघ बांधू शकत नाही. शिवाय चांगला मॅनेजर त्या वेळी दुसऱ्या क्लबशी करारबद्ध असतो आणि त्याला मोसमाच्या मध्यात सोडवून आणायचं तर मोठी भरपाई मोजावी लागते. उन्हाळ्यापर्यंत थांबणं परवडतं, पण पहिल्या चारांत येऊन चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळवायचे असतात किंवा खालच्या विभागात घसरणं टाळायचं असतं, म्हणून आहे त्या माणसाला ठेवणं परवडत नाही. या दोन्हींच्या मध्ये एक पूल लागतो. पूर्वी तो आठवड्या-दोन आठवड्यांचा होता, आता पाच-सहा महिन्यांचा झाला. इतके महिने ज्याच्या हाती संघ जाणार, त्याच्याबद्दल चाहते गप्प कसे बसतील?

या पुलाचा सर्वाधिक वापर केला चेल्सीने. फेब्रुवारी 2009 मध्ये गुस हिडिंक रशियाच्या राष्ट्रीय संघाचं काम सांभाळत चेल्सीत आले आणि एफए कप देऊन गेले. मार्च 2012 मध्ये आंद्रे व्हिलास-बोआसची उचलबांगडी झाल्यावर सहायक रॉबेर्तो दी मातेओ पुढे आला. चॅम्पियन्स लीगच्या दोन सामन्यांच्या फेरीत नापोलीकडून पहिला सामना 3-1 हरलेला संघ त्याच्या हाती होता. त्याच संघाने नापोलीला परतवलं, बार्सिलोनाला काढलं आणि 19 मे रोजी म्युनिकमध्ये, बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर, पेनल्टी शूटआऊटमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. दी मातेओ कायम झाला, पण जेमतेम पाच महिने. 21 नोव्हेंबरला, युव्हेंटसकडून 3-0 हरल्यानंतर, त्याला काढलं आणि काही तासांतच राफाएल बेनितेझचं नाव हंगामी मॅनेजर म्हणून जाहीर झालं.

मला वाटतं, हंगामी मॅनेजरवरून चाहत्यांनी उघडपणे बंड केल्याचं याहून ठळक उदाहरण इंग्लंडमध्ये नाही. बेनितेझ सहा वर्षं लिव्हरपूलचा मॅनेजर होता आणि त्या काळात चेल्सीच्या चाहत्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या झेंड्यांवर त्याने टोमणा मारला होता. तो कोणीच विसरलं नव्हतं. पहिल्याच घरच्या सामन्यात, मँचेस्टर सिटीविरुद्ध, त्याचं नाव पुकारताच स्टॅम्फर्ड ब्रिजवर हुर्यो उडाली. सामना सोळाव्या मिनिटावर आला आणि स्टेडियम टाळ्यांनी भरून गेलं. मैदानात तसं काहीच घडलं नव्हतं. खेळाडू म्हणून दी मातेओच्या पाठीवर 16 हा आकडा असायचा. पुढे कित्येक सामन्यांत सोळाव्या मिनिटाच्या टाळ्या वाजत राहिल्या. बेनितेझने जावं असे फलक दर आठवड्याला झळकत होते. फेब्रुवारी 2013 मध्ये मिडल्सब्रोला एफए कपचा सामना जिंकल्यानंतर त्याचा बांध फुटला. फलक रंगवण्यात चाहते वेळ वाया घालवतात, आपल्या पदाला 'हंगामी' हे नाव लावणं ही क्लबची मोठी चूक होती आणि मोसम संपला की आपण जाणार, असं त्याने पत्रकारांसमोर बोलून टाकलं.

निकाल मात्र त्याच्या बाजूने बोलतात. चेल्सी लीगमध्ये तिसरी आली आणि 15 मे रोजी ॲम्स्टरडॅममध्ये भरपाई वेळेतल्या इव्हानोविचच्या हेडरवर बेनफिकाला 2-1 हरवून युरोपा लीग ही युरोपातली दुय्यम स्पर्धा जिंकली. त्यानंतरही चाहत्यांनी त्याला आपलं मानलं नाही. मला त्यांचा राग समजतो, पण पटत नाही. दी मातेओला काढण्याचा निर्णय बेनितेझचा नव्हता. तो वरच्या कार्यालयात झाला होता आणि तिथपर्यंत फलक पोहोचत नव्हते. समोर उभा असलेला माणूस हाती लागला, त्याच्यावर सगळं निघालं.

दहा वर्षांनी, एप्रिल 2023 मध्ये, त्याच क्लबने उलटा प्रयोग केला. ज्याच्या नावाने स्टेडियम अजून गातं त्या फ्रँक लॅम्पार्डला मोसमअखेरपर्यंत आणलं. अकरा सामने झाले. एक विजय, दोन बरोबरी, आठ पराभव. चेल्सी बाराव्या क्रमांकावर राहिली. सोळाव्या मिनिटाला टाळ्या वाजवणाऱ्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, पण संघाला जे हवं होतं ते मिळालं नाही.

आता पुन्हा युनायटेड. सर ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 पासून मे 2013 पर्यंत होते, त्यामुळे एका अख्ख्या पिढीला ही खुर्ची रिकामी होते हेच ठाऊक नव्हतं. एप्रिल 2014 मध्ये डेव्हिड मॉयेस गेले आणि रायन गिग्जने चार सामने पाहिले. त्यातल्या हल सिटीविरुद्धच्या सामन्यात तो स्वतःच बदली खेळाडू म्हणून उतरला. डिसेंबर 2018 मध्ये जोझे मोरिन्यो गेल्यावर मात्र सोल्शार आला, नॉर्वेच्या मोल्डे क्लबकडून उसना घेतल्यासारखा. पहिल्याच सामन्यात कार्डिफला 5-1. तो धरून एकामागून एक असे सलग आठ विजय. आणि 6 मार्च 2019 ची पॅरिसची रात्र. चॅम्पियन्स लीगच्या फेरीतला पहिला सामना घरी 0-2 हरलेला, निम्मे खेळाडू जखमी असलेला संघ पॅरिस सेंट-जर्मेनला त्यांच्याच मैदानात 3-1 हरवतो आणि निर्णायक पेनल्टी भरपाई वेळेत व्हीएआर, म्हणजे पंचांसाठीचं व्हिडिओ चित्रण, बघून दिली जाते. त्या रात्री टीव्हीवर युनायटेडचा जुना खेळाडू रिओ फर्डिनंडने क्लबला सांगितलं की कराराचा कागद टेबलावर ठेवा आणि आकडा त्यालाच लिहू द्या. जगभरच्या युनायटेड चाहत्यांपैकी बहुतेकांना तेव्हा तसंच वाटत होतं.

28 मार्चला तीन वर्षांचा करार झाला. हंगामी म्हणून 19 सामन्यांत 14 विजय मिळवलेल्या त्या संघाचा जोर करारानंतर ओसरला. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, आधीच खाली घसरलेला कार्डिफ ओल्ड ट्रॅफर्डवर 2-0 जिंकून गेला. युनायटेड सहावी आली.

यात सोल्शारचा दोष कमी आणि गणिताचा भाग जास्त, असं माझं मत आहे. संघ त्याच्या नेहमीच्या दर्जापेक्षा खूप खाली गेलेला असतो तेव्हाच मॅनेजरची हकालपट्टी होते. तिथून वर येणं बरंचसं आपोआप घडतं. नेदरलँड्सच्या लीगमधल्या 1986 ते 2004 या काळाचा एक अभ्यास झाला होता. त्यात मॅनेजर बदललेल्या संघांची तुलना तेवढ्याच वाईट काळातून जाऊनही मॅनेजर न बदललेल्या संघांशी केली होती. सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. पहिले सहा सामने बघून 'यालाच कायम करा' म्हणणाऱ्या चाहत्याने, आणि संचालकानेही, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

बाहेरचा जाणकार आणला की प्रश्न सुटतो, असंही नाही. सोल्शारनंतर कॅरिकने तीन सामने सांभाळले आणि एकही हरला नाही. मग राल्फ रांगनिक आले. जर्मनीतल्या प्रशिक्षकांच्या दोन पिढ्या ज्यांच्या विचारांवर वाढल्या असे गृहस्थ. पण खेळाडूंना ठाऊक होतं की हे मे महिन्यात जाणार. 58 गुण, सहावा क्रमांक. क्लबला वरवरच्या मलमपट्टीची नाही, हृदयाच्या शस्त्रक्रियेची गरज आहे असं ते जाहीरपणे म्हणाले. पुढे दोन वर्षं सल्लागार म्हणून राहायचं ठरलं होतं, तेही रद्द झालं आणि ते ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाकडे गेले.

मग यशस्वी कोण झालं? मर्फी, बार्टन, दी मातेओ हे तिघेही आधीपासून त्याच ड्रेसिंग रूममध्ये होते. बायर्नचा हान्सी फ्लिकही. नोव्हेंबर 2019 मध्ये फ्रँकफर्टने बायर्नला 5-1 धुतल्यावर निको कोव्हाच गेला, सहायक फ्लिक आला आणि ऑगस्ट 2020 मध्ये बार्सिलोनाला 8-2 हरवत लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक घेऊन गेला. रेआल माद्रिदचे विसेंते देल बोस्के वर्षानुवर्षं क्लबच्या युवा विभागात काम करत होते. 1999 मध्ये तात्पुरते म्हणून आले आणि दोन चॅम्पियन्स लीग जिंकून दिल्या. यातले बहुतेक जण जुने खेळाडू होते हे खरं, पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं हे वाटतं की काल सरावाला कोण लंगडत होतं आणि कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. चाहते ज्या आठवणींवर मत देतात त्या वीस वर्षांपूर्वीच्या गोलांच्या असतात.

भारतात हाच वाद उलट्या दिशेने वाहतो, आणि त्याची सुरुवात गोव्यापासून सांगता येते. 31 जानेवारी 2020 रोजी इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाने स्पेनच्या प्रशिक्षकाला, सेर्जिओ लोबेराला, काढलं. संघ गुणतक्त्याच्या वरच्या टोकाला होता आणि साखळीतले तीनच सामने उरले होते. जबाबदारी आली क्लिफर्ड मिरांडावर. गोव्याच्याच डेम्पो क्लबकडून वर्षानुवर्षं खेळलेला, भारताचा माजी खेळाडू, अस्सल गोंयकार. हैदराबादला 4-1, मुंबई सिटीला 5-2, जमशेदपूरला 5-0. गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने बाहेर काढलं. पुढच्या मोसमासाठी क्लबने स्पेनच्या हुआन फेरांदोला आणलं आणि मिरांडा पुन्हा सहायक झाला. लोबेरा मुंबई सिटीत गेला आणि पहिल्याच मोसमात साखळी आणि अंतिम सामना असे दोन्ही किताब मुंबईला देऊन मोकळा झाला.

इंग्लंडमध्ये चाहते घरच्या माणसाला कायम करा म्हणून हट्ट धरतात. आपल्याकडे घरचा माणूस जिंकला तरी त्याला हंगामीच मानायची सवय लागली होती. एप्रिल 2023 मध्ये मिरांडानेच ओडिशा एफसीचा हंगामी प्रशिक्षक म्हणून कोझिकोडला बेंगळुरूला 2-1 हरवून सुपर कप जिंकला. नंतर ओडिशाने नेमलं कोणाला? लोबेराला. मला हा अन्याय वाटतो, आणि त्याचं खापर फक्त क्लबांवर फोडून चालणार नाही. परदेशी नावाशिवाय संघ मोठा वाटत नाही, ही समजूत स्टँडमध्येही होती.

ती मोडली खालिद जमीलने. मुंबई एफसीला कूपरेजच्या मैदानावर तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षं तगवणारा, आणि 2017 मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारा हा प्रशिक्षक. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूसला काढून त्याला हंगामी म्हणून बसवलं. साखळीचे उरलेले सामने तो एकही हरला नाही आणि संघ उपांत्य फेरीत गेला. त्याच वर्षी त्याला कायम केलं गेलं. इंडियन सुपर लीगमध्ये अशी पूर्ण वेळ नेमणूक मिळालेला तो पहिला भारतीय. ऑगस्ट 2025 मध्ये तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. ते पद भारतीयाच्या हाती याआधी होतं 2012 पर्यंत, गोव्याच्या साव्हिओ मेदेराकडे.