लॉगिनचा पासवर्ड वेगळा, डिस्कचं एन्क्रिप्शन वेगळं

पासवर्ड लावला म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट झाली, म्हणजे तिच्यावरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा झाला, असं बरेच जण धरून चालतात. या गोंधळाचं मूळ 'लॉक' या शब्दात आहे. जागेवरून उठताना स्क्रीन बंद केली तरी आपण 'लॉक केला' म्हणतो, पासवर्ड ठेवला तरी 'लॉक आहे' म्हणतो, आणि डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरच्या तर नावातच लॉक. त्यामुळे "लॅपटॉपला लॉक आहे ना?" असं विचारलं की समोरचा खुशाल "हो" म्हणतो. त्याच्या मनात असतो विंडोज सुरू होताना टाकायचा पासवर्ड, आणि त्या पासवर्डाने डिस्कवरच्या फाइलींचं एक अक्षरही बदललेलं नसतं. हे मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय, की आता एकदा लिहूनच काढतो.

लॉगिनचा पासवर्ड म्हणजे काय ते सांगत बसत नाही. रोज टाकता तो.

माझे साडू सीए आहेत. त्यांचा पासवर्ड चौदा अक्षरी. कॅपिटल, आकडा, ॲट द रेट, सगळं त्यात आहे. दर तीन महिन्यांनी बदलतात आणि बदलल्याचं सांगतातही. मध्यंतरी जुलैमध्ये, रिटर्न भरायच्या ऐन धांदलीत, त्यांच्या जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. मी डिस्क बाहेर काढली, पाच-सहाशे रुपयांच्या केसिंगमध्ये बसवली आणि यूएसबीने माझ्या लॅपटॉपला जोडली. त्यांच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं. या फोल्डरात जायची तुम्हाला परवानगी नाही, अशी एक छोटी चौकट आली, आणि त्याच चौकटीत खाली 'कंटिन्यू'चं बटण. ते दाबलं. हिरवी पट्टी जरा वेळ सरकत राहिली आणि फोल्डर उघडलं. पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंट्स, एकेका क्लायंटच्या नावाने नीट लावून ठेवलेली.

साडू माझ्या खांद्यावरून बघत होते. "अहो, पण पासवर्ड कसा नाही विचारला?"

"विचारणार कोण? तुमचं विंडोज सुरू कुठे झालंय?"

सगळी मेख इथेच आहे. पासवर्ड विचारतं ते विंडोज. ते चालू असेल तेव्हाच विचारणार, आणि जो त्याच्या दारातून आत येईल त्यालाच विचारणार. डिस्कला पासवर्ड-बिसवर्ड काही माहीत नसतो. ती एक वही आहे. ज्याच्या हातात जाईल त्याने वाचावी. 'परवानगी नाही' ही चौकटसुद्धा माझ्याच विंडोजने दाखवलेली. त्याला डिस्कवर एक चिठ्ठी दिसली की हे फोल्डर अमक्याचं. पण माझ्या मशीनवर मालक मी, म्हणून त्याने मला विचारलं, चिठ्ठी बदलू का? मी हो म्हटलं, त्याने बदलली. डिस्क काढायचीही गरज नसते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली तर ती ही चिठ्ठी वाचायच्याही भानगडीत पडत नाही.

नाक्यावरचा दुरुस्तीवाला विसरलेला पासवर्ड दहा मिनिटांत 'तोडून' देतो आणि लोक त्याच्या हुशारीचं कौतुक करतात, तेही यामुळेच. तोडायला तिथे काही नसतंच. बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी विचारला जाणारा पासवर्डही याच पठडीतला. तो मदरबोर्डपाशी राहतो, डिस्क निघाली की मागे सुटतो.

आता एन्क्रिप्शन. इथे दाराचा संबंध नाही. वहीतला मजकूरच बदललेला असतो. साध्या डिस्कवरच्या विंडोजच्या पार्टिशनची अगदी सुरुवातीची बाइट्स हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्ची बाइट्स दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पाहिली तर 'एनटीएफएस' हे विंडोजच्या फाइल सिस्टीमचं नाव चक्क वाचता येतं, आणि खाली जात राहिलं तर पत्रांतली वाक्यं, फाइलींची नावं सापडत जातात. बिटलॉकर लावलेल्या डिस्कवर त्याच जागी 'एफव्हीई-एफएस' दिसतं. म्हणजे डिस्क एन्क्रिप्टेड आहे एवढं कळतं. पुढे पडदाभर नुसता कचरा. विंडोज १० पासून बिटलॉकर डीफॉल्टने एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत १२८ बिटांच्या किल्लीने वापरतं. किल्लीशिवाय तो कचरा उलगडायचा तर किल्ल्या एकेक करून लावत बसायचं, आणि ते कुणाच्या हयातीत होण्यासारखं नाही.

लोक इथे हटकून तिजोरीचा दाखला देतात, मला तो पटत नाही. तिजोरीत दागिने दागिनेच असतात. पत्रा कापला की हातात येतात. एन्क्रिप्टेड डिस्कमध्ये कापून काढण्याजोगं काही नसतंच. ब्राझीलमध्ये २००८ साली एका बँकरच्या घरातून पोलिसांनी हार्ड डिस्क जप्त केल्या. त्या कारवाईचं नाव, गंमत म्हणजे, 'सत्याग्रह'. डिस्कवर ट्रूक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर होतं, जे कुणीही फुकट उतरवून घेऊ शकत असे. तिथल्या तज्ज्ञांनी काही महिने प्रयत्न केले, मग डिस्क अमेरिकेत एफबीआयकडे गेल्या, आणि वर्षभराने न उघडता परत आल्या. साडूंच्या चौदा अक्षरांना माझ्याकडे कंटिन्यूचं एक बटण पुरलं होतं.

आता लोकांच्या बाजूने एक बोलतो. हा गोंधळ व्हायला फोन बराच जबाबदार आहे. फोन रीस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. त्या मधल्या वेळात घरून फोन आला तर 'आई' असं येत नाही, नुसता नंबर दिसतो, कारण कॉन्टॅक्ट्सची यादी अजून एन्क्रिप्टेडच असते. तुम्ही पिन टाकता तेव्हा दार उघडतं आणि मजकूरही उलगडतो. एकच पिन दोन्ही कामं करतो. मॅकवर फाइलव्हॉल्ट हे त्याचं डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर तिथेही लॉगिनचाच पासवर्ड दोन्ही करतो. या दोन्हींवर वाढलेला माणूस विंडोजकडे आला की तेच गृहीत धरतो.

विंडोजचं तसं नाही, आणि नेमकं हेच समजावताना माझा घसा बसतो. बिटलॉकर लावलेला लॅपटॉप सुरू करा. डिस्कची किल्ली तुम्हाला कुणी विचारत नाही. ती टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. सुरुवातीच्या सगळ्या पायऱ्या नेहमीच्याच आहेत अशी खात्री पटली की चिप ती आपणहून विंडोजला देते. तुमच्यासमोर लॉगिनचा पडदा येतो तोवर डिस्क उघडलेलीसुद्धा असते. म्हणजे तुमचा पिन डिस्कची किल्ली नव्हेच. तो दाराचाच पिन आहे, पूर्वीसारखा.

आमच्या शेजारच्या काकूंकडे एके सकाळी निळा पडदा आला. बायोस अपडेट झालं होतं, चिपला काहीतरी वेगळं वाटलं, आणि ती किल्ली देईना. पडदा मागत होता ४८ आकडे. काकू मला म्हणतात, "अरे, मला माझा पिन पाठ आहे, मग हे कसले आकडे मागतोय?" पिन पाठ असून उपयोग नाही, कारण पिन विचारणारं विंडोज पलीकडे त्या कचऱ्यात आहे. अलीकडे जे विचारतंय त्याला दाराशी घेणं नाही, मजकूर उलगडायची रिकव्हरी की हवी आहे. हा लॅपटॉप मुलाने जर्मनीला जाण्यापूर्वी स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेट करून दिला होता, आणि एन्क्रिप्शन तेव्हाच आपोआप चालू झालं होतं. की त्याच्या अकाउंटात सापडली. आपल्याकडे सकाळचे दहा म्हणजे तिकडे पहाट, त्याला उठवलं. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं आधी जुळवली, मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट त्याने फोनवर वाचले. प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. टाइप करताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून ती सोय आहे.

काकूंसारखे आता खूप जण निघणार. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतही. म्हणजे एकीकडे पासवर्डालाच एन्क्रिप्शन समजणारे, आणि दुसरीकडे एन्क्रिप्शन असून त्याचा पत्ता नसलेले.

एवढं समजल्यावर साडूंनी अपेक्षित प्रश्न विचारला. "मग लॉगिनचा पासवर्ड काढून टाकू का?"

नाही हो! उलट आता कुठे त्याला अर्थ आला. आधी दाराला कडी होती, पण मागची भिंतच नव्हती. डिस्क काढा, पेन ड्राइव्ह लावा, या आत. एन्क्रिप्शनने ती भिंत उभी केली. डिस्क काढली तर कचरा, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं तर चिप किल्ली देत नाही. चोराला लॉगिनच्या पडद्याशीच यावं लागतं, आणि तिथे तुमचा पासवर्ड पहिल्यांदाच खरोखर आडवा येतो. नुसता पासवर्ड हा देखावा आहे. एन्क्रिप्शन आहे पण पासवर्ड नाही, हे त्याहून वाईट. चिप डिस्क उघडून देणार आणि विंडोज चोराला थेट डेस्कटॉपवर नेऊन सोडणार.

लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्यांना माझा आग्रह एक पायरी पुढचा आहे. प्रो आवृत्ती असेल तर विंडोजच्या आधी विचारला जाणारा बिटलॉकरचा वेगळा पिन लावा. ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगांच्या जागी जाऊन तो चालू करावा लागतो. मग चिप एकटीच्या अधिकारात किल्ली देत नाही. आणि प्रवासाला निघताना शट डाउन करा. स्लीपमध्ये किल्ली रॅममध्येच असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी धूळ उडवायचा दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून रॅम गारठवली, वीज तोडली आणि तरीही तिच्यातून किल्ल्या वाचून दाखवल्या. बसस्टँडवरचा चोर एवढं करणार नाही, मान्य. पण शट डाउन करायला पैसे पडत नाहीत.

चालू मशीनपुढे मात्र एन्क्रिप्शनचं काही चालत नाही. तुम्ही आत आहात तोवर फाइल तुम्हाला जशी उघडी, तशीच तुमच्या मशीनवर शिरलेल्या व्हायरसलाही उघडी. एन्क्रिप्टेड डिस्कवरून मेलला जोडलेली फाइल साधीच जाते. एन्क्रिप्शन डिस्कचं होतं, फाइल त्याला बरोबर घेऊन निघत नाही. पाठवायचीच असेल तर तिला वेगळा पासवर्ड लावा.

कुठलं सॉफ्टवेअर, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. प्रो असेल तर बिटलॉकर, मॅक असेल तर फाइलव्हॉल्ट, लिनक्स असेल तर इन्स्टॉल करतानाच लक्स या त्याच्या डिस्क एन्क्रिप्शनला हो म्हणायचं, विंडोज होमवर त्यातलंच डिव्हाइस एन्क्रिप्शन. ते तुमच्या मशीनवर मिळत नसेल, किंवा किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर नको असेल, तर व्हेराक्रिप्ट. ट्रूक्रिप्ट २०१४ मध्ये बंद पडलं, हा त्याचाच वारस. यात पासवर्ड विसरलात तर आकाशपाताळ एक केलं तरी फाइली परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. मशीन हळू होईल ही भीती जुनी झाली. प्रोसेसरमध्ये एईएससाठीच्या खास सूचना येऊन दशक उलटलं. 'फोल्डर लॉक' नावाची जी फुकट सॉफ्टवेअरं असतात त्यांतली बरीचशी फोल्डर नुसतं लपवतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रिकव्हरी कीबाबत मात्र माझा स्वभाव बिघडतो. एन्क्रिप्ट होणाऱ्या डिस्कवरच ती ठेवायला विंडोज नकार देतं, तर लोक पेन ड्राइव्हवर घेतात आणि तो लॅपटॉपच्याच बॅगेत टाकतात. बॅग गेली की दोन्ही गेलं. कागदावर छापा आणि घरी एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नका, विशेषतः त्याच लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर.

साडूंनी नवा लॅपटॉप घेतला, बिटलॉकर लावलं, वेगळा पिनही लावला. 'फक्त वापरलेली जागा' की 'पूर्ण ड्राइव्ह' असं विचारलं तेव्हा मला फोन केला. नव्या कोऱ्या डिस्कला पहिला पर्याय पुरतो. जुन्या, वापरातल्या डिस्कला पूर्ण ड्राइव्हच, कारण खोडलेल्या फाइलींचे अवशेष 'रिकाम्या' जागेत पडून असतात. सगळं यथासांग झालं. पेढे घेऊन आले, तेव्हा मी सहज विचारलं, ती जुनी डिस्क कुठे आहे?

"ती होय? टीव्हीखालच्या खणात. केसिंग छान आहे, म्हणून मुलीला सिनेमे भरायला दिली. उरलेल्या जागेत भरते ती. कॉलेजमध्ये सगळ्यांना देते."