चरबीचं पॅकिंग थांबवलं तर चरबी जाते कुठे? एमटीपी अडवणाऱ्या औषधामागची पार्श्वभूमी

जेवणानंतर रक्तात तरंगणारे चरबीचे बारीक कण 1920 च्या आसपासच मायक्रोस्कोपखाली लोकांनी पाहिले होते, पण पेशी चरबी भरून हे कण तयार कशी करते हे कळायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली, आणि ते कळलं एका दुर्मीळ आजारामुळे.

1950 मध्ये एका तरुण मुलीच्या तांबड्या पेशी काटेरी दिसल्या, सोबत डोळ्याचा पडदा खराब आणि चालताना तोल जाणं. पुढे कळलं की अशा पेशंटच्या रक्तात कायलोमायक्रॉन, व्हीएलडीएल, एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात) या चरबी वाहणाऱ्या कणांतलं जवळपास काहीच नसतं. बरीच वर्षं सगळ्यांचा संशय एपोबीवर, म्हणजे या कणांचा सांगाडा असलेल्या प्रथिनावर होता, त्याचा जीन मात्र ठीक निघाला. खरी खूण आतड्यात होती: एंडोस्कोपीत अस्तर उपाशीपोटीसुद्धा पांढरं दिसतं, कारण पेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या. माल गोदामात पडून आहे पण भरणारा माणूसच नाही, असा प्रकार.

तो भरणारा म्हणजे एमटीपी हे प्रथिन, आणि या पेशंटच्या आतड्यात तोच गायब आहे हे 1992 मध्ये दिसलं. एपोबीची 4536 अमिनो आम्लांची साखळी तयार होत असतानाच एमटीपी तिच्यावर चरबी चढवतो, वेळेत चढली नाही तर पेशी ती साखळी स्वतःच तोडून टाकते.

मग साहजिकच विचार आला की एमटीपीच अडवला तर एलडीएल उतरेल. आणि उतरलं पण! इथेच माझ्या मते सगळा घोळ 'कमी करणं' या शब्दाचा आहे. औषध रक्तातली चरबी कमी करतं, शरीरातली नाही, बाहेर जाणारा माल अडला की तो लिव्हरमध्येच साठतो आणि आतड्यात अडला की पोट बिघडतं. नव्वदच्या दशकात एका मोठ्या कंपनीने नेमक्या याच कारणांनी आपलं असं औषध (लोमिटापाइड) सोडून दिलं, नंतर ते एका विद्यापीठाकडे गेलं. 2007 मध्ये सहा पेशंटवरचा छोटा अभ्यास छापून आला, ज्यांच्यात रक्तातलं एलडीएल उचलणारा रिसेप्टरच काम करत नाही असे, म्हणजे स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांचाही फारसा उपयोग नाही. डोस हळूहळू वाढवत नेला, एलडीएल निम्म्यावर आलं, पण काहींच्या लिव्हरमध्ये चरबी वाढली. 2012 च्या अखेरीस अमेरिकेत परवानगी मिळाली ती फक्त या रिसेप्टरच्या आजारासाठी, लिव्हरच्या धोक्याचा ठळक इशारा छापून.

काहींना ही परवानगी घाईची वाटते. मला नाही वाटत, कारण त्या पेशंटना लहान वयातच हार्ट अटॅक येतात आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता तो दर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त मशीनमधून गाळून घेण्याचा. पण हेच औषध साध्या वाढलेल्या कोलेस्टेरॉलसाठी द्यायचं, याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

2014 मध्ये तर हीच देवाणघेवाण साध्या माणसांतही दिसली: टीएम6एसएफ2 या जीनमधला एक बदल ज्यांच्यात असतो त्यांच्या लिव्हरमधून व्हीएलडीएल कमी बाहेर पडतं, त्यांच्या रक्तातली चरबी खाली आणि लिव्हरमधली वर, कुठलंही औषध न घेता.